अर्ध्या इंचाचा क्लिकवाला टॉर्क रेंच, सहा वर्षं वापरल्यानंतर

गाडीची कामं घरीच करायला लागल्यापासून बरीच हत्यारं जमली, त्यातली निम्मी वर्षातून एकदा बाहेर निघतात, पण टॉर्क रेंच, म्हणजे नट किती घट्ट कसायचा ते मोजून सांगणारा पाना, मात्र दर वेळी निघतोच. त्यामुळे त्याच्याबद्दल नीट, सविस्तर लिहायचं कधीपासून मनात होतं. मी मेकॅनिक नाही. सुरुवात स्टेपनी बदलण्यापासून झाली, मग ऑइल, फिल्टर, प्लग, मग ब्रेक पॅड, आणि आता पुढच्या सस्पेन्शनची साधी कामंसुद्धा करतो. या सगळ्या टप्प्यांवर हा एकच पाना सोबत होता आणि प्रत्येक टप्प्यावर त्याने वेगळं काहीतरी शिकवलं, आणि एकदा चांगलाच दणकाही दिला, तेही सांगतो.

आधी माझ्याकडे काय आहे ते. अर्ध्या इंचाचा चौकोनी ड्राइव्ह, म्हणजे ज्यावर गोटी (सॉकेट) बसते तो भाग, साधारण अर्धा मीटर लांबी, लोखंडी दांडा, मूठ फिरवून सेटिंग करायचं, आणि रेंज २८ ते २१० न्यूटन मीटर. याच अंगाचा पाना वेगवेगळ्या रंगाच्या डब्यांतून वेगवेगळ्या नावांनी विकला जातो, म्हणून ब्रँडचं नाव घेण्यात काही अर्थ नाही, जे लिहितोय ते या जातीच्या सगळ्याच पान्यांना बऱ्यापैकी लागू पडेल.

घ्यायची वेळ का आली तर, एकदा रात्री रस्त्यात चाक पंक्चर झालं. त्याआधी महिनाभरच एका गॅरेजमध्ये टायर काढून लावले होते आणि तिथे सगळे नट हवेच्या गनने कसले होते. गाडीसोबत येतो तो छोटा व्हील पाना लावला, हाताने जोर लावला, मग पायाने दाबला, शेवटी त्याच्यावर उभा राहिलो, पाच नटांपैकी चार सुटले आणि पाचवा काही केल्या हलेना. मागून येणाऱ्या एका टेम्पोवाल्या दादांनी थांबून त्यांच्याकडचा लांब पाइप दिला तेव्हा तो सुटला. घरच्यांना गाडीत बसवून अंधारात अर्धा तास उभं राहायला लागलं ते मी विसरलेलो नाही. मग त्याची भीती इतकी बसली की पुढच्या वेळी घरी चाक लावताना मी मुद्दाम हलक्या हाताने नट कसले, म्हटलं परत काढताना त्रास नको. आठवड्याभरात डावीकडून पुढून टक टक आवाज यायला लागला, उतरून बघितलं तर तीन नट बोटांनी फिरत होते. त्या क्षणी जे पोटात गोळा आल्यासारखं झालं ना, त्याच आठवड्यात हा पाना घरी आला. म्हणजे एकदा दुसऱ्याने जास्त कसलं, एकदा मी कमी कसलं, आणि दोन्ही वेळा कारण एकच, घट्ट किती ते कोणी मोजलंच नव्हतं.

टॉर्क म्हणजे काही अवघड नाही. नटापासून अर्ध्या मीटरवर साधारण २० किलोचं वजन टांगलं की नटावर जेवढा पीळ पडतो तो झाला जवळपास १०० न्यूटन मीटर. बहुतेक छोट्या-मध्यम गाड्यांच्या चाकाचे नट ९० ते १४० च्या आसपास मागतात, नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो आणि तोच खरा. पान्याच्या दांड्यात आत एक जाड स्प्रिंग असते, मूठ फिरवली की ती दाबली जाते, आणि नटावरचा पीळ त्या दाबाइतका झाला की आतला भाग सटकतो आणि हाताला कट्ट असा झटका लागतो. बस एवढंच, झटका लागला की थांबायचं. पाना स्वतः काही अडवत नाही, त्याच्यापुढे जोर लावला तर बोल्ट घट्ट होतच राहतो, हे नवीन माणसाला आधी सांगायला हवं, कारण बऱ्याच जणांना वाटतं की झटक्यानंतर तो आपोआप सुटतो, फिरतो, वगैरे. तसं काही होत नाही.

आणि एक गोष्ट मला फार उशिरा कळली. बोल्ट कसतो तेव्हा आपण खरं तर त्याला किंचित ताणत असतो, तो ताणच दोन भाग एकमेकांवर दाबून धरतो. पण आपण लावलेल्या पिळातला साधारण निम्मा पीळ बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात जातो, ४० टक्क्यांच्या आसपास आट्यांच्या घर्षणात जातो, आणि जेमतेम १० टक्के त्या ताणासाठी उरतो. म्हणजे आटे गंजलेले असतील तर पाना कट्ट करेल पण बोल्ट नीट ताणलेलाच नसेल, आणि उलट आट्यांना ऑइल किंवा ग्रीस लागलं असेल तर त्याच आकड्यावर बोल्ट जरुरीपेक्षा कितीतरी जास्त ताणला जाईल. म्हणून चाकाच्या स्टडला, म्हणजे नट ज्यावर फिरतो त्या बोल्टला, ग्रीस लावायची जी सवय बऱ्याच जणांना असते ती मॅन्युअलने सांगितल्याशिवाय नको. तारेच्या ब्रशने आटे साफ करायचे, फडक्याने पुसायचे, कोरडे ठेवायचे. पान्याचा आकडा तेव्हाच खरा.

आता सेटिंग. इथे या पान्याला माझी पहिली तक्रार आहे. दांड्यावर आडव्या रेघा आहेत, २८, ४२, ५६ अशा १४-१४ च्या अंतराने, आणि मुठीवर गोल फिरणारा ० ते १४ चा आकडा. समजा १०३ हवंय, तर मुठीची कडा ९८ च्या रेघेवर आणायची आणि मग मुठीवरचा ५ मधल्या उभ्या रेघेशी जुळवायचा, ९८ अधिक ५. दिवसाउजेडी ठीक आहे, पण रेघा नुसत्या कोरलेल्या आहेत, त्यात रंग नाही, आणि हात ऑइलचे असताना गाडीखाली झोपून हे वाचणं म्हणजे डोळ्यांची परीक्षाच. मी रेघांमध्ये पांढरा रंग भरून वरचा पुसून घेतला, तेव्हापासून खूप फरक पडला. दुसऱ्या बाजूला फूट पाउंडचे आकडे आहेत आणि ते जास्त ठळक छापलेत, हे मला खरंच धोक्याचं वाटतं, कारण १ फूट पाउंड म्हणजे जवळपास १.३६ न्यूटन मीटर, चुकून त्या बाजूने १०० लावलं तर प्रत्यक्षात १३६ होतं. जुन्या मॅन्युअलमध्ये आणखी किलोग्रॅम फोर्स मीटर असतं, तिथे १० असं दिसलं तर ते ९८ न्यूटन मीटर. सेटिंग केल्यावर मुठीच्या टोकाची कडी फिरवून लॉक करायचं, नाहीतर ओढताना मूठ फिरते आणि आकडा सरकतो. माझ्या पान्याचं लॉक सहा वर्षांत अजून घट्ट आहे, हे त्याचं कौतुक.

चाकाचे नट हे याचं सगळ्यात सोपं आणि सगळ्यात उपयोगी काम. ज्याने आयुष्यात कधी पाना हातात धरला नाही त्यानेसुद्धा इथूनच सुरुवात करावी. गाडी जॅकवर असताना सगळे नट आधी बोटांनी, मग साध्या पान्याने टेकेपर्यंत, समोरासमोर म्हणजे चांदणीच्या आकारात. मग गाडी खाली, टायर जमिनीवर टेकला की टॉर्क रेंच, तोही चांदणीच्याच क्रमाने. मी अर्ध्या आकड्यावर एक फेरी मारतो आणि मग पूर्ण आकड्यावर दुसरी. मूठ मधोमध धरायची आणि सावकाश, एका दमात ओढायचं, हिसके द्यायचे नाहीत. कट्ट झालं की पुढचा नट, परत परत कट्ट कट्ट करून खात्री करायची नाही, प्रत्येक वेळी थोडं थोडं जास्त कसलं जातं. आणि ५० ते १०० किलोमीटर गाडी चालली की परत एकदा सगळे तपासायचे, विशेषतः अलॉय व्हील असतील तर. नट कमीजास्त कसले गेले की चाकामागची ब्रेकची डिस्क वाकडी दाबली जाऊ शकते आणि ब्रेक मारताना पेडल थरथरायला लागतं, बरेच जण मग डिस्कच बदलून टाकतात.

माझा भाचा नुकताच गाडी शिकलाय, त्याला हे दाखवत होतो तर तो म्हणाला, मामा, एवढं मोजायला कशाला पाहिजे, हाताला कळतं की. मी त्याला म्हटलं ठीक आहे, तू साध्या पान्याने तुला वाटेल तेवढा कस आणि झालं म्हण. त्याने दोन नट कसले, मी दोन कसले, न बघता. मग टॉर्क रेंच ६० वर लावला आणि नट हलायच्या आधी कट्ट होतंय का बघत १०-१० ने वर गेलो. त्याचे नट ७० च्या आसपास हलले, माझे १४० पर्यंत हललेच नाहीत. पाहिजे होते १०३. बसलेला नट परत हलवायला थोडा जास्तच जोर लागतो, त्यामुळे हे मोजमाप अगदी काट्याचं नाही, पण त्याच्या आणि माझ्या हातात दुपटीचा फरक होता आणि दोघंही आपापल्या जागी ठाम होतो. त्यानंतर त्याने वाद घातला नाही, उलट स्वतःहून चारही चाकं तपासली. मला विचाराल तर हा पाना आणल्यावर पहिल्या दिवशी प्रत्येकाने हा प्रयोग करावा, आपला हात कुठल्या बाजूला चुकतो ते कळतं.

आता तो दणका. पाना घेतल्यावर दुसऱ्या वर्षी मी ऑइल स्वतः बदलायला लागलो. ड्रेन प्लगला, म्हणजे जुनं ऑइल काढायला खालून उघडायच्या बोल्टला, मॅन्युअलमध्ये ३० न्यूटन मीटर लिहिलं होतं, पाना २८ पासून सुरू होतो, म्हटलं बसतंय की रेंजमध्ये. ३० वर लावला, गाडीखाली झोपून ओढायला लागलो आणि कट्ट यायची वाट बघत राहिलो. वरच्या आकड्यांवर याचा झटका असा असतो की खांद्यापर्यंत जाणवतो, पण अगदी तळाच्या आकड्यावर स्प्रिंग जवळपास मोकळी असते, झटका इतका बारीक येतो की अर्ध्या मीटरच्या दांड्यावर तो हाताला लागतच नाही, त्यात हातात जाड ग्लोव्ह्ज. तो येऊन गेला असणार आणि मला कळलंच नाही. मी ओढत राहिलो, प्लग मऊ मऊ फिरत राहिला, लोण्यात फिरावा तसा, आणि तेव्हा थांबलो. गळत नव्हतं म्हणून तशीच गाडी चालवली. पुढच्या ऑइल बदलाला प्लग काढला तर त्याच्या आट्यांमध्ये अॅल्युमिनियमची चकाकणारी तार गुंडाळलेली, इंजिनखालच्या ऑइलच्या चेंबरचे आटे सोलून बाहेर आले होते.

मी ज्यांना विचारून विचारून शिकलो त्या मेकॅनिक काकांकडे गाडी ओढून नेली. त्यांनी प्लग हातात घेतला, बोटावर ती तार फिरवली आणि मला विचारलं, "पाना कुठला लावलास?" मी सांगितलं. "अरे, हा चाकाचा पाना आहे. एवढ्याशा बोल्टला एवढा मोठा दांडा लावला की हाताला काही कळायचंच बंद होतं. छोटा पाना वेगळा ठेव." त्यांनी भोक मोठं करून त्यात स्टीलच्या तारेचे नवीन आटे बसवले, ज्याला हेलिकॉइल म्हणतात, आणि ते अजून टिकून आहेत. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, कारण मी बेफिकिरीने नव्हतं केलं, आकडा वाचून, पाना लावून, सगळं नीट करतोय असं समजूनच केलं होतं.

तर या पान्याबद्दल सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच, डब्यावर लिहिलेली रेंज आणि वापरायची रेंज एक नाही. क्लिकच्या पान्यांची अचूकता कमाल आकड्याच्या साधारण २० टक्क्यांपासून वर धरतात, म्हणजे २१० च्या पान्यात कागदावर ४२ पासून वर. माझा अनुभव विचाराल तर ६० च्या खाली मी हा वापरतच नाही. त्याखालच्या कामांसाठी तीन अष्टमांश इंचाचा १० ते ६० न्यूटन मीटरचा छोटा पाना घेतला आणि खरं सांगायचं तर इंजिनवर काम करणाऱ्याला तोच जास्त लागतो. बहुतेक ड्रेन प्लग २५ ते ४० मध्ये असतात, वॉशर दर वेळी नवीन टाकायचा, तांब्याचा किंवा अॅल्युमिनियमचा वॉशर दबून जागा भरतो, जुना दबलेलाच असतो मग माणूस गळती थांबवायला जास्त कसतो आणि आटे जातात. आणि कुठलाही पाना वापरायच्या आधी त्याच आकड्यावर एखाद्या आधीच घट्ट असलेल्या मोठ्या नटावर दोन-तीनदा कट्ट करून बघायचं, आवाज आणि झटका कसा येतो ते हाताला आधी ओळखीचं झालं पाहिजे, आणि आतलं ग्रीससुद्धा फिरतं.

स्पार्क प्लगला तर मोठा पाना मी चुकूनही नेत नाही. १४ एमएमच्या वॉशरवाल्या प्लगला अॅल्युमिनियमच्या हेडमध्ये, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागात, साधारण २५ ते ३० लागतं, १२ एमएमच्याला १५ ते २०, आणि हल्ली जे १० एमएमचे बारीक प्लग आलेत त्यांना फक्त १० ते १२. हेडचे आटे गेले तर चेंबरसारखं सोपं काम नाही ते. प्लग नेहमी गार इंजिनवर, आधी नुसत्या गोटीने आणि एक्स्टेन्शनने बोटांनी फिरवत खाली न्यायचा, जिथे अडेल तिथे उलटा फिरवून परत, पाना शेवटच्या टप्प्यालाच. ज्यांच्याकडे छोटा टॉर्क रेंच नाही त्यांनी वॉशरवाला नवीन प्लग बोटांनी टेकला की मग अर्धा ते पाऊण वळसा, पाऊणच्या थोडं अलीकडेच थांबायचं, आणि तोच प्लग परत बसवत असाल तर जेमतेम एक बारांश वळसा, म्हणजे घड्याळातल्या एका तासाएवढा.

मोठ्या पान्याची खरी मजा यायला लागली ती ब्रेकपासून. कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, ज्या ब्रॅकेटवर बसतो त्याचे दोन मोठे बोल्ट बऱ्याच गाड्यांत १०० च्या आसपास मागतात आणि तिथे हा पाना अगदी आपल्या घरात असल्यासारखा काम करतो, जागा मोकळी, झटका ठणठणीत. त्याच कॅलिपरच्या सरकणाऱ्या पिनांचे छोटे बोल्ट मात्र ३० च्या आसपासचे, ते छोट्या पान्याने. एकाच कामात दोन पाने लागतात आणि मला ते आता त्रासाचं वाटत नाही, बोल्टच्या आकाराकडे बघूनच हात बरोबर पाना उचलतो. ब्रेकचं काम पहिल्यांदा करणाऱ्याने एक बाजू पूर्ण करून मग दुसरी उघडावी, म्हणजे अडलं तर बघायला एक बाजू जशीच्या तशी असते, आणि गाडी फक्त जॅकवर ठेवून खाली कधीच जायचं नाही, स्टॅन्ड लावायचे, हलवून बघायची, मगच हात घालायचा. पॅड बदलल्यावर गाडी हलवायच्या आधी पेडल घट्ट होईपर्यंत पंप करायचं, हे टॉर्कचं नाही पण राहवत नाही म्हणून लिहितो, पहिल्या ब्रेकला पेडल सरळ तळाला गेलं तर काय होईल याचा विचार करा.

सस्पेन्शनला आल्यावर कळलं की आकडा बरोबर असूनही काम चुकू शकतं. चाकाला धरून ठेवणाऱ्या खालच्या आर्मचे बुश, म्हणजे रबरी जोड, बदलले, बोल्ट मॅन्युअलच्या आकड्यावर कट्ट करून कसले, मनात समाधान, पण गाडी तेव्हा स्टॅन्डवर होती आणि चाकं लटकत होती. त्या बुशमधलं रबर आतल्या नळीला चिकटवलेलं असतं, बोल्ट कसला की नळी जागेवर पकडली जाते आणि आर्म वरखाली होताना रबर पिळलं जातं. लटकत्या अवस्थेत कसलं की गाडी जमिनीवर आल्यावर ते रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. नशीब, त्याच संध्याकाळी परत मॅन्युअल वाचताना ती ओळ दिसली, बोल्ट ढिले केले, चाकाखाली ठोकळे ठेवून गाडीचं वजन घेतलं आणि मग परत कसले. त्यात एक बोल्ट एकदाच वापरायचा होता, तो नवीन आणून टाकला. पाना फक्त आकडा सांगतो, कधी आणि कुठल्या अवस्थेत कसायचं ते मॅन्युअलच सांगतं.

ज्या कामांना मी याला हात लावत नाही ती पण सांगतो. बोल्ट सोडवायला हा पाना कधीच वापरत नाही, त्यासाठी लांब दांड्याचा साधा पाना आहे, गंजलेल्या नटाशी कुस्ती खेळून मोजायचं हत्यार खराब करायचं नाही. पान्याच्या डोक्यातली रॅचेट (एकाच बाजूला पकडणारी चक्री) उलटी फिरते म्हणून उलट्या आट्यांचा बोल्ट पण मोजून कसता येईल असं वाटतं, पण यातले बरेच पाने फक्त एकाच दिशेने मोजतात, डब्यातल्या कागदावर बघून घ्या. मुठीला पाइप लावून लांबी वाढवायची नाही, मूठ जिथे आहे तिथेच धरायची. सरळ एक्स्टेन्शन रॉड लावला तर आकड्यात फरक पडत नाही, पण पुढे आडवा निघणारा जोड लावला तर पान्याची लांबी वाढते आणि आकडा बदलावा लागतो, तो जोड पान्याच्या काटकोनात लावला की मात्र फरक पडत नाही, मी जिथे जमेल तिथे तसाच लावतो, हिशोबाची भानगड नको. आणि हेडचे बोल्ट, ज्यांना आधी थोडा टॉर्क आणि मग ९० अंश, परत ९० अंश असं फिरवायचं असतं, तिथे कोन मोजायची वेगळी चकती लागते, ते बोल्ट ताणून ठेवायचेच असतात आणि बहुतेक वेळा पुन्हा वापरत नाहीत. तिथपर्यंत मी गेलेलो नाही, ते काकांचं काम.

आता अचूकता. आयएसओ ६७८९ नावाचं जे मानक आहे त्यात या प्रकारच्या पान्याला १० न्यूटन मीटरच्या वर अधिक-उणे ४ टक्के चालतं आणि वर्षातून एकदा किंवा ५००० वेळा वापरल्यावर परत तपासायला सांगितलंय. माझ्या पान्यासोबत एक तपासणीचा कागद आला होता पण त्यावर विश्वास ठेवून बसायचं माझ्या मनाला पटत नव्हतं, म्हणून घरीच बघितलं. पान्याचा चौकोन व्हाइसमध्ये आडवा पकडला, दांडा जमिनीला समांतर, आणि मुठीच्या मध्यावर, चौकोनाच्या मध्यापासून मोजून ४० सेंटीमीटरवर, पाणी भरलेला कॅन टांगला. कॅनसकट २० किलो वजन काट्यावर मोजून घेतलं होतं, म्हणजे हिशोबाने साडेअठ्ठ्याहत्तर न्यूटन मीटरच्या थोडं वर, कारण दांड्याचं स्वतःचं वजनही थोडं धरावं लागतं. ७६ वर कॅन सावकाश सोडला की कट्ट होत होतं, ८४ वर होत नव्हतं. घरच्या तपासणीला एवढं पुरे. दर वर्षी हे करतो, सहा वर्षांत उत्तर बदललेलं नाही, आणि त्याचं कारण मला वाटतं एकच, काम झालं की मी दर वेळी सेटिंग तळाच्या आकड्यावर, म्हणजे २८ वर आणून ठेवतो. त्याच्याही खाली मोकळं सोडायचं नाही आणि १०३ वर महिनोन्महिने दाबून पण ठेवायचं नाही, स्प्रिंग थकते. दोनदा तो हातातून फरशीवर पडला, दोन्ही वेळा कॅनचा प्रयोग परत केला आणि मगच वापरला.

काट्याचा जुना पाना, ज्यात एक दांडा वाकतो आणि सुई आकडा दाखवते, तोही एका मित्राकडे वापरून बघितलाय. त्यात बिघडण्यासारखं जवळपास काहीच नाही, सुई शून्यावर नसेल तर हलकेच वाकवून आणता येते, पण सुई समोरून बघावी लागते आणि गाडीखाली ते जमत नाही. डिजिटल पाना बीप करतो, कमी आकड्यावर खरंच चांगला, बॅटरी मात्र सांभाळावी लागते.

पाचपैकी चार देतो. एक कमी केला तो तळाच्या आकड्यांमुळे आणि त्या न दिसणाऱ्या रेघांमुळे. तुम्ही फक्त चाकं काढता-लावता, ब्रेकपर्यंत जाता, तर हाच घ्या, निवांत घ्या. ऑइल आणि प्लगपासून सुरुवात करणार असाल तर छोटा आधी घ्या आणि हा नंतर. घेताना दुकानात मूठ तळापासून टोकापर्यंत फिरवून बघा, मध्ये कुठे अडत असेल तर तो परत ठेवा, लॉक करून मूठ फिरते का बघा, आणि न्यूटन मीटरचे आकडे तुम्हाला चष्म्याशिवाय वाचता येतात का तेही बघा. मी माझ्या गाडीचे सगळे आकडे मॅन्युअलमधून काढून एका कागदावर लिहून डब्याच्या झाकणाला आतून चिकटवलेत, चाक १०३, ड्रेन प्लग ३० आणि त्याच्यापुढे मोठ्या अक्षरात "छोटा पाना".